लाल रंगाखालचे चार टाके

ही गोष्ट मी आठ-नऊ वर्षं टाळत आलो. लेकीच्या डाव्या हाताचा विषय निघाला की घरातलं कुणी ना कुणी त्या डेंटरला शिव्या देतं. अशा वेळी मी चष्मा पुसायला घेतो, नाहीतर उठून माठाकडे जातो. आता माझं वय पंच्याहत्तर झालं आहे. माठाकडे किती वेळा जाणार? म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो.

धुळ्याच्या आयटीआयमध्ये मी तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. निवृत्तीनंतर रिकाम्या हाताने बसवेना. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या मुलाने हौसेने छोटी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल रंगाची, कापडी छताची, दोनच माणसं बसतील अशी. ती त्याने केळीच्या ट्रकला मागून ठोकली. मुलगा वाचला, गाडी भंगारात गेली आणि भंगारवाल्याकडून ती मी घेतली. टेम्पोतून ती अंगणात उतरली तेव्हा बायको म्हणाली, "हे काय आणलंत? दोनच जागा. तिसरा माणूस काय बॉनेटवर बसवणार?"

"बॉनेट आहे कुठे?" मी म्हणालो. खरोखरच नव्हतं.

गॅरेजला द्यायची ऐपत नव्हती, म्हणून सगळं घरीच करायचं ठरवलं. रेडिएटर आणि दिवे जुन्या बाजारातून जमवले. रंग मारायला बंद पडलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून ठेवला. पण पत्र्याचं काम माझ्या हातचं नव्हतं. वेल्डिंग मशीन माझ्याकडे नव्हतं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ठिणगीकडे बघायची भीती वाटायची. त्यासाठी मी नानांना बोलावलं. नाना डेंटर होते, म्हणजे गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. शाळेची पायरी चढले नव्हते, पण पत्र्यावरून नुसता तळवा फिरवून कुठे फुगलाय, कुठे दबलाय ते सांगायचे.

गाडीभोवती एक फेरी मारून ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मास्तर, हाई गाडी शे का डबा?"

"डबा आहे, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

त्या उन्हाळ्यात आम्ही सकाळी सात ते दहा काम करायचो. दहानंतर पत्र्याला हात लावायची सोय नसायची. गाडीचं मागचं अंग फाटकाच्या खांबाला साखळदंडाने बांधलं. पुढून अंगणातल्या कडुलिंबाला गोणपाट गुंडाळून चेनकुप्पी, म्हणजे जड वजन ओढायची साखळीची कप्पी, अडकवली आणि चेपलेला सांगाडा इंच इंच ओढून बाहेर काढला. मी ओळंबा सोडून फरशीवर खडूने फुल्या मारायचो आणि टेपने तिरकस अंतरं मोजायचो. नाना मात्र एक दोरा ताणायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. आमच्यात बोटभर फरक निघाला की वाद व्हायचा.

"तुमना टेप खरा, मास्तर. पन मना डोया बी खरा."

पुन्हा मोजल्यावर बहुतेक वेळा त्यांचाच डोळा खरा निघायचा.

सर्वांत अवघड काम डाव्या पुढच्या चाकावरचं होतं. शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंग वर ज्या पत्र्याच्या घरात बसतात, ते घरच फाटलं होतं. गाडीचा त्या बाजूचा सगळा भार त्याच्यावर येतो. नानांनी दुसऱ्या भंगार गाडीतून तसला भाग कापून आणला, मापात घासला आणि जागेवर बसवून चार टाके मारले. वेल्डिंगमध्ये टाका म्हणजे शिवणकामातला कच्चा धावदोरा. पत्रा जागचा हलू नये एवढंच त्याचं काम. त्यानंतर सगळीकडून पूर्ण वेल्डिंग करायचं असतं आणि आतून जाड पट्टी द्यायची असते. तसली पट्टी त्या दिवशी मिळाली नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस होते. आमच्याकडे सासुरवाशीण लेक अखाजीला माहेरी येते आणि तिला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. नानांनाही त्यांच्या लेकीला आणायला जायचं होतं. हत्यारं पिशवीत भरता भरता त्यांनी मला जवळ बोलावलं आणि त्या चार ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"हाऊ फक्त टाका शे, मास्तर. जोड नही. अखाजी व्हयनी का ईसू, पक्कं करी दिसू. तवलग गाडी फाटकना बाहेर काढू नका."

"नाना, मी तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं."

"मंग मले सांगानी गरज नही," नाना म्हणाले आणि हसत गेले.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावहून व्याह्यांचा फोन आला. आदल्या वर्षी मी लेकीला आणायला बसने गेलो होतो आणि गाडी घेतल्याची फुशारकी तेव्हापासून मारत होतो.

"काय मास्तर, यंदा मुराळी एसटीने येतोय का विमानाने?" मागे दोन-चार जण हसल्याचं ऐकू आलं. मग लेकीने फोन घेतला. "बाबा, खरंच त्या गाडीने येणार? सासूबाईंनी गल्लीत सांगून ठेवलंय."

मी म्हणालो, "येतो."

एवढा एकच शब्द. तो परत घेता आला असता. दुसरा वेल्डर शोधता आला असता, बस तर होतीच. उलट मी दुपारभर खपून त्या टाक्यांवर पुटी लावली, घासली आणि वरून लाल रंग मारला. टाके दिसेनासे झाले आणि मला बरं वाटलं. काम झालं नव्हतं, पण झाल्यासारखं दिसत होतं.

जाताना मी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. प्रत्येक खड्ड्याला कान डाव्या चाकाकडे लागायचा. मध्येच बारीक कुरकुर ऐकू यायची. मी थांबायचो, उतरायचो, रंगाला तडा गेलाय का बघायचो. तडा नव्हता. शिरूड चौफुलीच्या पुढे दोनदा वाटलं, इथूनच परत फिरावं. तरी नेली.

चाळीसगावला गल्लीतल्या बायका बघायला आल्या. व्याही गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "मानलं बुवा मास्तर." तो शब्द ऐकायलाच मी गेलो होतो. आता लेकीला बसने घेऊन जाऊ, गाडी इथेच राहू द्या, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती पिशवी मांडीवर घेऊन आधीच आत बसली होती. तिने ओढणी डोक्याला घट्ट बांधली होती आणि लहानपणी माझ्या सायकलच्या दांड्यावर बसायची तशी हसत होती.

परतताना एका पुलाच्या चढावर डांबराचा उंचवटा होता. खडाक आवाज झाला. डावं चाक आत वळलं आणि स्टिअरिंग माझ्या हातातून सुटलं. गाडी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर आपटली, लेकीच्या बाजूने. तिच्या डाव्या कोपराचं हाड तीन ठिकाणी मोडलं. मला खरचटलंही नाही.

लोकांनी आम्हाला चाळीसगावच्या दवाखान्यात पोचवलं. तिला आत नेलं होतं. व्याही आले, घामाने निथळत. त्यांनी मला एकच विचारलं, "पत्र्याचं काम कोणी केलं?"

मी म्हणालो, "डेंटरने. झालंय म्हणून सांगितलं होतं त्याने."

विचार करून म्हणालो असं नाही. पण दुरुस्त करायला पूर्ण संध्याकाळ होती, दुसरा दिवस होता, पुढची इतकी वर्षं होती.

नानांना कुणाकडून तरी कळलं. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी ते गावाहून बसने आले. हातात आंब्यांची पिशवी होती. दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही सगळे बसलो होतो. व्याह्यांनी मला विचारलं, "हेच का ते?" मी मान हलवली. गाडी ओढून नेणाऱ्या गॅरेजवाल्याने त्यांना टाके तुटल्याचं सांगितलं होतं. मग जे बोलायचं ते व्याही बोलले. टाके मारून गाडी देता, लोकांच्या लेकी मारता, लाज वाटत नाही? नाना माझ्याकडे बघत होते. मी सलाइनची बाटली घेऊन जाणाऱ्या नर्सकडे बघत होतो.

"पोर कशी शे?" एवढंच त्यांनी विचारलं. व्याह्यांनी पाठ फिरवली. पिशवी ओट्यावर ठेवून ते गेले.

गाडी तिथल्याच एका गॅरेजच्या आवारात ओढून ठेवली होती. नंतर मी ती भंगारात द्यायला गेलो, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "एक म्हातारबाबा आले होते. चाकाजवळचा रंग नखाने खरवडत बसले. बराच वेळ बघितलं आणि उठून गेले." मी वाकून पाहिलं. लाल रंगाखाली चार टाके होते, तुटलेले. पट्टी नव्हती. रंग कोणी मारला ते नानांना सांगायची गरज नव्हती.

धुळ्याच्या गॅरेज लाइनीत ही गोष्ट पसरायला आठवडा पुरला. पोरं त्यांना 'टाकेवाला' म्हणायला लागली. कामं तुटली. वर्षभरात त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि जळगावला दुसऱ्याच्या गॅरेजात रोजाने जायला लागले. त्या वयात. त्यांनी कुणाला काही सांगितलं असतं तर माझ्या कानावर आलं असतं. आलं नाही.

लेकीचा हात पूर्ण सरळ होत नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना ती टाचा उचलते. ते पाहिलं की बायको म्हणते, "त्या मेल्याचं वाटोळं होवो." मी माठाकडे जातो.

तीन वर्षांपूर्वी मी जळगावला गेलो. मुद्दाम गेलो, वाक्य पाठ करून. नाना एका गाडीच्या दाराखाली उकिडवे बसले होते. मला बघून उठले, चहा सांगितला. माझ्या स्कूटरचा मडगार्ड कुठेतरी घासून चेपला होता. "कसं काय येनं व्हयनं, मास्तर?" असं त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, "हा मडगार्ड बघता का?"

त्यांनी बघितला. आतून लाकडी ठोकळा धरला, हातोडीने हलके ठोके दिले आणि तळवा फिरवला. पैसे घेतले नाहीत. मी किक मारली तेव्हा म्हणाले, "पोरना हात कसा शे आते?"

"बरा आहे," मी म्हणालो.

यंदा अखाजीच्या आधी नाना वारल्याचं कळलं. मी त्यांच्या दारावर गेलो, ओट्यावर बसलो, त्यांच्या लेकीने दिलेलं पाणी प्यायलो आणि उठलो. हे कागद आता माझ्या लेकीला देणार आहे. वाचून ती काय म्हणेल माहीत नाही. घरातल्या शिव्या तरी योग्य माणसाला लागू देत.

जळगावला जे पाठ करून गेलो होतो ते एवढंच होतं: नाना, तुम्ही मला सांगितलं होतं. गाडी मी काढली, रंग मी मारला आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा.