उलट्या चंद्रातली ठमी

आमच्या मामांचा धंदा चष्म्यांचा. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मामांनी बाहेर उभं राहायचं. पण तिथेच बसून त्यांनी जुनी भिंगं पाण्याच्या पाइपात बसवून दुर्बीण केली. पुनवेच्या आसपास दिवेलागणीला ते ती गच्चीवर मांडत, डोळा लावायच्या जागी मोबाइल धरत आणि उगवत्या चंद्राचे फोटो काढत. सकाळी तो फोटो अख्ख्या गल्लीला बघावाच लागे.

एका फोटोत चंद्राच्या ऐन गालावर काळा ठिपका आला. न्हावी म्हणाला, "उपग्रह आहे."

मामी म्हणाल्या, "माशी बसली असेल भिंगावर. पुसत जा म्हणून किती वेळा सांगायचं?"

मामांनी फोटो मोठा केला, तसे ठिपक्याला पंख फुटले. एका पंखात, पीस गळालं होतं तिथे, फट होती.

शेजारचे कबुतरवाले काका हल्ली चंद्र बघायला येत नसत. त्यांची लाडकी कबुतरी ठमी बरेच दिवस परतली नव्हती. तेव्हापासून काकांनी छपरावरून शीळ घालणंच सोडलं होतं. बाकीची कबुतरं मुकाट्याने दाणे टिपून खुराड्यात जात.

मामा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. काकांनी मोबाइल जवळ नेला, लांब धरला, शेवटी मामांच्याच नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"हे पीस मांजरानं ओढलेलं," ते हळूच म्हणाले. "ठमीच आहे. जिवंत आहे रे माझी ठमी."

फोटोत ती उजवीकडे, पुलाच्या दिशेने निघालेली. दोघे लगोलग पुलावर गेले. कमानींखाली वाकून वाकून कमरा धरल्या, पण ठमी काही दिसली नाही. काका परतले ते मामांच्या ओट्यावर बसूनच राहिले.

मामींनी चहा आणला, मोबाइल मागितला आणि तो उलटा धरला.

"अगं, काय करतेस?" मामा म्हणाले.

"तुमच्या दुर्बिणीत चंद्र खाली डोकं वर पाय दिसतो, हे तुम्हीच सगळ्यांना ऐकवता ना? मग पाखरू तेवढं सरळ कसं दिसेल? पुलाकडे नाही, ती पाण्याच्या टाकीकडे चाललीय."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दोघे टाकीकडे निघाले.

टाकीखालच्या खोबणीत ठमी बसली होती. शेजारी एक परकं कबूतर छाती फुगवून उभं, आणि तिच्या पोटाखालून दोन पिवळट, केसाळ पिल्लं चोची बाहेर काढत होती. काकांची नजर हलेना.

"विचारलं नाही, सांगितलं नाही, परस्पर संसार थाटला," ते म्हणाले.

"आता जावयाला घरी बोलवा," मामा म्हणाले.

"पिल्लं उडू देत आधी. तोवर दाणे मीच आणून टाकतो."

काकांनी तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. ठमीने मान वाकडी करून ऐकली आणि जागची न हलता घुमली.

त्या संध्याकाळी चंद्र वर यायच्या आधीच छपरावरून शीळ वाजली, आणि काकांची सगळी कबुतरं एकदम आभाळात उठली. मामांनी दुर्बीण मांडली. भिंग मामींनी आधीच पुसून ठेवलं होतं.