राणेकाकांचं न मळलेलं पॅड

"हेपण भंगार! घे परत!" राणेकाकांनी माऊसपॅड काउंटरवर असं आपटलं, की घाटकोपर स्टेशनावरची कबुतरं थेट मुलुंडला जाऊन बसली.

माझं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान एवढं लहान, की मला शिंक आली तर गिऱ्हाइकाला आधी फूटपाथवर उतरावं लागतं. हल्ली बिनधास्त शिंकतो. सगळे ऑनलाइन मागवतात. दुकानात येतो तो पत्ता विचारायला.

काका मुलुंडला एकटे राहणारे रिटायर्ड फिटर. मुलगी कॅनडात. दर शनिवारी सकाळी दोघं हेडफोन लावून गोळीबाराचा गेम खेळतात.

"फोनवर 'बरी आहे' म्हणते नि ठेवते," काका म्हणाले होते. "गेममध्ये तासभर बोलते रे. मधेच विचारते, बाबा, जेवलास?"

आता तिच्या टीमवाले वैतागले होते. म्हातारा भिंतींवरच गोळ्या झाडतो म्हणे. असंच चाललं तर काकांना काढणार होते.

पहिलं पॅड मी कापडी दिलं. कापडावर माऊस किंचित अडतो, म्हणून हात हवा तिथे थांबतो. नेम धरायला तेच लागतं. खाली रबर, म्हणजे पॅड सरकत नाही. काका म्हणाले, स्क्रीनवरचा बाण उड्या मारतो. मग कडक प्लास्टिकचं दिलं. त्यावर माऊस घाटकोपरला सोडला तर विक्रोळीला थांबतो. तेही परत. तिसरं कापडीच, पण धागे उसवू नयेत म्हणून कडा शिवलेलं. तेच आता आपटलं होतं.

पॅड त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. आठवडाभर वापरलेलं, पण कापडावर मनगटाचा डाग नाही. ओरखडे सगळे पिशवीवर.

मला तिथेच कळलं. पण काका आले की दोन कटिंग चहा यायचे, तास मजेत जायचा.

"काका, चौथं बघू. काचेचं मागवतो. सोमवारी या."

"सोमवारी काय करू, मेल्या? उद्या शेवटचा चान्स दिलाय मला!"

काकांचा आवाज एकदम बसला. मी शटर ओढलं आणि तिसरं पॅड घेऊन त्यांच्याबरोबर मुलुंड गाठलं.

घरात रिमोट प्लास्टिकमध्ये. सोफा प्लास्टिकमध्ये. फ्रिजच्या हँडललासुद्धा प्लास्टिक.

"ती येईल तेव्हा सगळं नवं दिसायला हवं ना."

"कधी येणार?"

"बघू म्हणते." सात वर्षं बघत होती.

मी सांगितलं, "काका, माऊसच्या पोटात बारका कॅमेरा असतो. तो पॅडचं विणकाम बघून चालतो. चकचकीत पिशवीवर त्याला काही धड दिसत नाही." आणि पिशवी फाडली.

"अरे, मळेल ना ते!"

"मळू दे."

काका फाटक्या पिशवीची घडी घालत राहिले.

शनिवारी फोन आला. "सात मारले रे! पोरगी किंचाळली, 'बाबा!' म्हणून. आता रोज खेळू म्हणते!" मी लोकांना सत्तर सांगतो.

त्यानंतर काका दुकानात आलेले नाहीत. बाण उड्या मारत नाही, तर येतील कशाला? गिऱ्हाइकाची तक्रार मुळापासून मिटवली की धंद्याचं हे असं होतं.

काचेचं पॅड मात्र मी खरंच मागवलं. काउंटरवर ठेवलंय. वरचं प्लास्टिक काढलेलं नाही. काका आले तर नवं दिसायला हवं.