सव्वा महिन्याच्या आत

मुदखेडच्या बँकेत बुद्धप्रिया माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. दोन वर्षांची असताना कॅन्सरमुळे तिचे दोन्ही डोळे काढावे लागले. आहेत ते नकली. संगणक तिला सगळं वाचून दाखवतो. एखादा ग्राहक फारच कीव करायला लागला की ती म्हणते, “काका, जास्त हळहळलात तर डोळे काढून टेबलावर ठेवीन हां.” ही बाई मला आवडते ती काही उगाच नाही.

पण गरोदरपणात तिची झोप उडाली. हा कॅन्सर बाळातही उतरू शकतो, जन्मल्याबरोबर तपासायला आणा, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, भोकरला झालं आणि तिच्या आईने, सरजाबाईंनी, दारच अडवलं. “सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरा वलांडायचा न्हाई.” नवरा, सुगत, फोनवर ओरडून थकला. बुद्धप्रियाने आईचं ऐकलं. माझा नुसता संताप झाला. साहेबालाही न जुमानणारी ही, इथेच कशी नमली?

बाळ बघायला गेले तेव्हा कळलं. लेकीला मांडीवर थोपटत ती हळूच म्हणाली, “सिंधुताई, आईचं नुसतं निमित्त हाय. तपासणीचं मलाच भेव वाटून राहिलं. तुम्ही फ्लॅश लावून हिचा फोटो काढा. तो कॅन्सर असला तर फोटोत डोळा पांढरा चमकतो म्हणं.”

“नजर लागंल!” सरजाबाई आतून धावत आल्या.

“लागू दे,” बुद्धप्रिया म्हणाली.

मी फोटो काढला. बाळाच्या उजव्या डोळ्यात पांढरी चकाकी होती. सरजाबाई फोनमध्ये डोकावल्या.

“हीच चमक तुझ्या डोळ्यात व्हती गं. मी येड्यावानी समद्यांला कौतुकानं दाखवायची.” मग त्यांनी हंबरडा फोडला, “आता ही बी तुझ्यावानी व्हनार!”

बुद्धप्रियाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ताठ मानेने जगली, आणि आईच्या लेखी ती अजून बिचारी आंधळीच होती. मला सरजाबाईंचा राग आला आणि त्यांची दयाही आली.

“माझ्यावानी झाली तर शिकवायला मी हाय,” ती शेवटी म्हणाली. “पण त्याच्यासाठी आधी ती जगाया पाहिजे, आई. टोपडं दे.”

सरजाबाईंनी टोपडं आणलं. बंदांची गाठ काही त्यांना बसेना. बुद्धप्रियाने बंद चाचपून गाठ मारली, लेकीला छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडला.