डावा, उजवा आणि सातवा आकडा

कारखान्यात तिला सगळे कॅमेराबाई म्हणत. बुटांचे सोल बनवणारा कारखाना, आणि कॅमेऱ्याला ते सोल ओळखायला शिकवणं हे तिचं काम. ती ते इतक्या उत्साहानं करी, की जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी बसायला लोक बिचकत. डब्याच्या आधी ती गणित उघडायची!

तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिथेच सरकत्या पट्ट्यावर कामाला होता. येणारे सोल आकार बघून वेगळे करायचे आणि डाव्याशी उजवा लावून जोडी बांधायची. सोल नेहमी नक्षी वर करूनच ठेवायचा, हा त्याचा शिरस्ता. पालथा दिसला की डावा उजव्यासारखा भासतो, म्हणून तो पालथा सोल पट्ट्यावर टिकूच देत नसे. हात अजून झपझप चालत, पण डोळे दगा देऊ लागले होते. जोड्या चुकायला लागल्या तसं मॅनेजरसाहेबांनी स्पष्ट सांगून टाकलं, "बाई, तुमचा कॅमेरा बिनचूक चालवून दाखवा. तो ओळखेल, दादा बांधतील. नाही जमलं, तर दादांना घरी बसावं लागेल."

दादा वरवर म्हणाला, "बसू की! मस्त झोपा काढू." पण त्या दिवशी त्याचा डबा तसाच परत गेला.

लहानपणी ही बाई बूट नेमके उलट्या पायांत घालायची. दादा रोज दारात उकिडवा बसून ते बदलायचा. "हा डावा. हा उजवा. बरोबर?" ती "बरोबर" म्हणेपर्यंत पाय सोडायचा नाही. असा माणूस घरी बसणार? तिचं मनच तयार होईना.

तिचा सगळा भरवसा सात आकड्यांवर होता. आकृतीचा मध्य धरायचा आणि बाकीचा आकार त्याच्याभोवती कुठे, किती पसरलाय याचा हिशेब मांडायचा. त्यातून सात आकडे निघतात. सोल आडवा पडो, तिरका पडो, कोपऱ्यात सरको, लहान मापाचा असो की मोठ्या, आकडे हलत नाहीत! माप काय, क्षेत्रफळावरून वेगळं काढता येतं. तिनं टेबलावर एक सोल गरागरा फिरवून पाहिला होता आणि दर वेळी तेच आकडे बघून टाळ्या पिटल्या होत्या.

चाचणीच्या सकाळी पट्टा सुरू झाला. मशीन सोल ओळखून पटापट खोक्यांत ढकलत होतं आणि दादा त्याच्या भरवशावर जोड्या बांधत होता. एकही आकार चुकला नाही. बाईंना आकाश ठेंगणं झालं. मग मॅनेजरसाहेबांनी पहिली जोडी उचलली. दोन्ही डावे! दुसरी उचलली. दोन्ही उजवे!

"वा! आता दोन डाव्या पायांचं गिऱ्हाईक शोधायला हवं," साहेब म्हणाले. पट्ट्यावरची माणसं खो खो हसली. दादा हसला नाही. "संध्याकाळपर्यंत बघा," एवढं बोलून साहेब गेले.

तिनं तडक डावा आणि उजवा सोल कॅमेऱ्याखाली ठेवला. पहिले सहा आकडे सारखे. ते तसेच असणार. आणि सातवा? तोही सारखा!

"अगं, हा कसा सारखा?" ती स्वतःवरच ओरडली. डावा म्हणजे उजव्याची आरशातली प्रतिमा, आणि प्रतिमेत सातव्याचं चिन्ह उलटायला हवं. एकाचं अधिक, तर दुसऱ्याचं उणे. मग उणे गेलं कुठे? तिनं आपलीच ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. आकडे फार बारीक म्हणून तिनं त्यांचा लॉग, म्हणजे लॉगरिदम, घेतला होता. लॉगला उणे चालत नाही, म्हणून चिन्हं सरसकट पुसून टाकली होती. आणि टेबलावर आनंदाच्या भरात फिरवून पाहिला होता तो सोल एकच, डावा!

"दादा, सापडलं!" ती खुर्ची पाडून धावली. "उणे मीच खाल्लं होतं!"

"पचलं का, चिमे?" दादानं विचारलं.

तिनं सातव्याचं चिन्ह परत जागेवर बसवलं. मग दादासाठी गुपचूप करून ठेवलेली एक गोष्टही चालू केली. त्याला कॅमेऱ्याचा पडदा वाचायला लागू नये म्हणून त्याच्या जोड्या बांधायच्या टेबलाशी छोटा स्पीकर लावला होता.

साहेब आले. पट्टा सुरू झाला. पहिला सोल कॅमेऱ्याखालून सरकला आणि स्पीकरमधून तिचाच आवाज आला, "हा डावा."

दादा चमकला. पुढचा सोल आला. "हा उजवा."

साहेबांनी जोडी उचलली, तळाशी तळ लावून पाहिली, खाली ठेवली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग बघणंच सोडून दिलं. "दादा, टेबल तुमचं," ते म्हणाले.

बाईंना नाचावंसं वाटत होतं. कुणी बघत नसतं तर नाचल्याही असत्या. पण दादाचे डोळे भरून आल्यामुळे समोरचं त्याला आणखीच दिसेनासं झालं. पट्टा मात्र थांबला नव्हता.

"हा डावा," स्पीकर म्हणाला.

दादानं सोल हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "बरोबर."