शालूच्या ओढणीचा धागा

माझी मैत्रीण शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रीगंजच्या बाजारात भाजी घेत होते. तिची सून एवढंच म्हणाली, "काकू, आई गेल्या. सकाळी चहा मागितला, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत…" हातातली गिलकी तिथेच टाकून मी नानाखेड्याला तिच्या घरी धावले. खूप रडले. पण आठवड्याने आमच्या मराठी मंडळाच्या शोकसभेत जे ऐकलं, त्याने रडू पार पळालं. सेक्रेटरी म्हणाले, "शालिनीवहिनींना गाण्याची आवड होती. संसारासाठी त्यांनी ती बाजूला ठेवली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून म्हणाले, "साफ खोटं आहे." म्हातारी तिरसट झाली, असं लोकांना वाटलं असेल. वाटू दे.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या मावशीला भोपाळच्या गाडीत बसवून आम्ही दोघी परत निघालो, तर बायकांच्या वेटिंग रूममधून तंबोरा ऐकू आला. आत डोकावले आणि बघते तर काय! जिचा आवाज रेडिओवर ऐकत आम्ही मोठ्या झालो, ती बाई समोर ट्रंकेवर पाय ठेवून बसली होती! संध्याकाळी इंदूरला गाणं आणि गाडी लेट. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते लिहिलं की तुम्ही त्यांच्याचबद्दल वाचाल, आणि शालू पुन्हा मागे राहील. त्यांची शिष्या तंबोरा लावत होती. शालूच्या वडिलांचं देवास गेटजवळ वाद्यं दुरुस्त करायचं दुकान. तंबोऱ्यांच्या गराड्यातच ती वाढलेली. तिला राहवलं नाही.

"ताई, जोडीची एक तार उतरून राहिली आहे. आणि धागा पण बिलकुल घिसला आहे."

शिष्येने नाक मुरडलं. "ही मराठी आहे की हिंदी?"

"दोन्ही," शालू म्हणाली. "पण तार उतरलीच आहे."

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. बाईंनी मात्र डोळे मिटून दोनदा तार ऐकली आणि शिष्येला म्हणाल्या, "दे तिच्याकडे." तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती धागा सरकवतात; तो नेमका बसला की तार बोलायला लागते. शालूने सरळ आपल्या पिवळ्या ओढणीचा एक धागा उपसला, तारेखाली घातला, केसभर मागेपुढे केला… आणि ती कळकट खोली भरून गेली. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, तरी अंगावर काटा आला. बाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?" तिने सांगितलं. "शालिनी, आज माझ्या पाठीमागे तू आहेस हं," त्या म्हणाल्या; मैफलीत तंबोरा गाणाऱ्याच्या पाठीमागेच वाजतो ना. तेवढ्यात गाडी आली.

शालूचा आवाज साधारण होता आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. गाणं तिचं नव्हतंच, मग सोडेल काय? तिचं काम तार लावण्याचं, आणि ते तिने मरेपर्यंत केलं. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी गाणं असायचं. शालू दुपारीच पदर खोचून हॉलच्या मागच्या खोलीत बसायची, मंडळाचे दोन्ही तंबोरे लावायची. बाहेरगावचे गवई चकित व्हायचे. शेवटी आभाराच्या भाषणात पेटीवाला, तबलेवाला, माइकवाला, मंडपवाला, सगळ्यांची नावं यायची. तिचं एकदाही आलं नाही. स्टेशनवरची गोष्ट तिने एकदा सांगितली, तर हेच सेक्रेटरी हसत म्हणाले, "काय वहिनी, यंदा कुणाच्या पाठीमागे?" मी चिडायचे. ती म्हणायची, "अगं जाऊ दे ना. तार लागली ना? बस." मला तिचं हे शहाणपण कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. आणि तिच्या जिवंतपणी मी उभी राहून बोलले नाही, ही चूक माझी.

तेराव्यानंतर सुनेने कपाट उघडलं. "काकू, आठवण म्हणून एखादी साडी घ्या ना." साड्यांच्या तळाशी ती पिवळी ओढणी होती. रंग उडालेला, आणि मधून एक धागा गेल्याची बारीक सरळ रेघ. सून म्हणाली, "ही तर फाटली आहे." मी म्हटलं, "हीच दे."

आता ती माझ्याकडे आहे. यंदा गणपतीला तंबोरे कोण लावणार, हे मंडळाने बघावं. मला ते जमत नाही. पण तारांखाली धागे लागतील, दोन तंबोऱ्यांना आठ, ते मी याच ओढणीचे काढून देईन. सेक्रेटरीसाहेब, अट एकच. आधी स्टेजवर जा, माइक हातात घ्या आणि तिचं नाव घ्या. मी पहिल्या रांगेत ओढणी घेऊन बसलेली असेन.