दांडीची सकाळची गाडी

वर्षाराणीला बोईसरची नेमणूक मिळाली तेव्हा तिच्या घरात कुणालाच बोईसर नेमकं कुठं ते ठाऊक नव्हतं. भूमजवळचं त्यांचं गाव, कोरडवाहू रान, ज्वारी आणि तूर, उन्हाळ्यात टँकरची वाट. सासरे मारुतीआण्णा म्हणाले, "मुंबईच्या वर हाय कुठंतरी." सासूबाई सोजराबाईंनी विचारलं, "वर म्हंजी किती वर?" शेवटी नवऱ्यानं, इंद्रजीतनं, मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. निळ्या समुद्राच्या कडेला एक ठिपका. पण एसटीतली कंडक्टरची कायम नोकरी होती. ठिपका कुठंही असता तरी ती गेलीच असती.

बोईसरला ती पहिल्यांदा उतरली ती कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळेला. स्टेशनबाहेर सहा आसनी रिक्षा, जेवणाचे डबे घेतलेली माणसं, वडापावच्या गाड्या, आणि कानावर पडेल ते सगळं हिंदी. एका हातगाडीवाल्याला तिनं मराठीत डेपोचा रस्ता विचारला, त्यानं हिंदीत सांगितला, आणि वर म्हणाला, "बहन, आप भी बाहर से?" महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आपण बाहेरच्या कशा, हे तिला त्या दिवशी उमगलं नाही. पुढं उमगलं. त्या गावात जवळजवळ सगळेच कुठून ना कुठून आलेले होते. तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावर जळगावचं कुटुंब, शेजारी गोरखपूरचं, समोर साताऱ्याचं. जिन्यात चपला काढताना सगळ्यांच्या फोडणीचे वास एकमेकांत मिसळायचे.

तिला मिळाली दांडीची सकाळची फेरी. उजाडायच्या बेताला गाडी बोईसरहून निघायची, समुद्रकाठच्या दांडी गावाला जायची आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायकांना बाजाराला घेऊन यायची. वर्षाराणी माळकरी घरातली. तिच्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी पाट्या चढल्या, आणि तिनं ओढणीचं टोक नाकाला लावलं.

पुढच्या सीटवरच्या एका धिप्पाड बाईनं ते पाहिलं. पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. तिचं नाव मंदा.

"नाक कशाला झाकतंस गो? आमी काय मेलेलं घेऊन चाललो काय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मंदे, मेलेलंच हाय की गो तुज्या पाटीत!"

अख्खी गाडी हसली. ड्रायव्हर नीलेशनं हसता हसता गियर चुकवला. मंदासुद्धा हसली, आणि वर्षाराणीला हसू आवरेना म्हणून ओढणी खाली घ्यावीच लागली. मग तिनं पाट्यांच्या सामानाची तिकिटं मागितली. त्यावर मात्र बोईसर येईपर्यंत भांडण झालं. भांडणातले निम्मे शब्द तिला कळले नाहीत, आणि तिचं "काय करायलाव तुम्ही" त्यांना कळलं नाही. पण तिकिटं तिनं फाडलीच. उतरताना मंदा म्हणाली, "पोरगी खमकी हाय."

दरवर्षी वर्षाराणी बदलीचा अर्ज करायची. सगळेच करत. दरम्यान दिवस जात राहिले आणि तिला गाव कळत गेलं. दुपारच्या घिवलीच्या फेरीला तात्या भेटायचे. घिवलीत त्यांची नारळ-चिकूची वाडी होती. सत्तरी ओलांडलेले, पांढरा सदरा, हातात कायम एक पिशवी. रिकाम्या गाडीत ते दाराजवळ बसत आणि खिडकीतून बोट दाखवत.

"ह्या कंपन्या दिसतात ना, इथं सगळी भातशेती आणि गवत. माझ्या लहानपणी बोईसर म्हणजे स्टेशन आणि गवताच्या गंजी. आमच्याकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. मग वीज केंद्र आलं, मग कारखाने. काही गावं हलली, काहींना नोकऱ्या लागल्या. वाईट वाटायचं हो सुरुवातीला. पण तुमच्यासारखी माणसं आली. गाव मोठं होतं ते माणसांनी."

"तुम्हाला आमची गर्दी होत न्हाई, तात्या?"

"होते की. पण माझे नारळ कोण घेतं मग?"

इंद्रजीत गावी बी-बियाणांच्या दुकानात काम करायचा. दोन वर्षं तो महिन्याला एकदा येत-जात राहिला. तिसऱ्या वर्षी तारापूरच्या औषधांच्या एका कारखान्यात त्याला पॅकिंगमध्ये काम मिळालं. दोघांनी तिसऱ्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. पण संध्याकाळी वारा पश्चिमेकडून यायचा, आणि सुट्टीच्या दिवशी ती दोघं चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली जाऊन बसायची. भूमच्या मुलीला वाळूत बसून काही न करता नुसतं पाणी बघायची सवय लागली.

मग तिला दिवस गेले. डेपोत बसून करायची कामं मोजकी, आणि तिच्याआधी दोघी नंबरात होत्या. त्यांच्या अडचणी तिला माहीत होत्या, म्हणून तिनं आपला नंबर यायची वाट पाहत गाडीवर जाणं चालू ठेवलं. सातवा महिना लागला तेव्हा पाट्यांनी भरलेल्या गाडीतून वाट काढणं तिला जड जाऊ लागलं. एका सकाळी उच्छेळीच्या वळणावर तिचा तोल गेला. पडली नाही. मंदानं तिला दंडाला धरलं होतं.

"बस," मंदा म्हणाली.

"तिकिटं राहिलीत, मावशी."

"बस म्हणतंय ना तुला! उठू नको आता. तिकीट कुठं पळून जातंय?" आणि ती मागं वळून गाडीभर ओरडली, "ऐकलं काय गो? पैशे पुढं द्या. ज्यानं त्यानं आपला थांबा सांगा. बाय उठणार नाय."

तेव्हापासून दांडीच्या गाडीत तसंच सुरू झालं. वर्षाराणी दाराजवळच्या आपल्या सीटवर बसायची. पैसे हातोहात पुढं यायचे, तिकीट आणि सुट्टे हातोहात मागं जायचे. "दोन बोईसर, एक अर्धं!" "माझी पाटी धर, माझी पाटी!" ज्या पाटीच्या तिकिटावरून पहिल्या दिवशी भांडण झालं होतं, त्या पाटीचे पैसे आता न मागता येत होते.

एके दिवशी रस्त्यात गाडी थांबवून तपासणीचे साहेब चढले. कंडक्टर जागेवर बसून, आणि प्रवासी पैसे गोळा करतायत, हे त्यांना काय सांगायचं? साहेबांनी शेवटच्या सीटपर्यंत जाऊन एकेक तिकीट पाहिलं. सगळ्यांकडं होतं. पुढं येऊन त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मंदाकडं पाहिलं. मंदा कमरेवर हात ठेवूनच उभी होती.

"तिकिटाचं मशीन द्या इकडं," साहेब म्हणाले.

तिनं दिलं. साहेबांनी मशीनचा पट्टा आपल्या गळ्यात अडकवला, आणि बोईसर येईपर्यंत नव्यानं चढणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट स्वतः काढलं. उतरताना मशीन परत देत एवढंच म्हणाले, "माझी बहीण पण कंडक्टर आहे. सांभाळा." त्या दिवशी घरी जाऊन इंद्रजीतला हे सांगताना ती रडली आणि मग आपण का रडतोय म्हणून हसली. पुढच्या आठवड्यात तिचा नंबर लागून डेपोतलं काम मिळालं.

मुलगी पालघरच्या दवाखान्यात झाली, थोडी लवकर, चिमणीएवढी. सोजराबाई गावाहून आल्या. सोबत डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, आणि ज्वारीचं पीठ. गळ्यात तुळशीची माळ. आल्या आल्या त्यांनी घराचा ताबा घेतला. पण बाळंतिणीला दूध पुरेना. लेकरू रडायचं, थकायचं, झोपायचं, पुन्हा रडायचं. डॉक्टरांनी औषध दिलं, वरचं दूध कसं पाजायचं तेही सांगितलं. सोजराबाईंनी अळिवाची खीर करकरून पातेली घासली. काही केल्या वर्षाराणीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि एका दुपारी दार वाजलं. दारात मंदा. हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. वास डब्याच्या आधी आत आला.

सोजराबाई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. "काय हाय त्यात?"

"मुशीचं कालवण. मासा हाय तो. आमच्याकडं बाळंतिणीला हेच देतात. दूध उतरतं. तिखट नाय टाकलं."

"आमी माळकरी हाव, बाई."

"माहीत हाय. म्हणून तर दोन दिस इचार केला, मग आली." मंदानं डबा पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. "तुमाला राग आला तर मी परत नेते. पण पोर रडते असं गाडीत कळलं. आमाला घास जायना."

सोजराबाईंनी आत पाहिलं. वर्षाराणी खाटेवर बसली होती, मांडीवर लेकरू, आणि तिचे डोळे त्या डब्यावर. तिनं जन्मात मासा खाल्ला नव्हता. तिला खायचा होता असंही नाही. पण लेकरासाठी कुणी दगड आणून दिला असता तरी तिनं चावून पाहिला असता. तरी तिनं आधी सासूच्या तोंडाकडं पाहिलं.

सोजराबाई खाटेपाशी गेल्या. त्यांनी नात उचलून घेतली.

"तू खा," त्या म्हणाल्या. "म्या हिला घिऊन गॅलरीत बसते. भांडं मातर येगळं ठिवायचं."

"भांडं माझंच हाय," मंदा म्हणाली. "मीच घासून नेते."

वर्षाराणीनं पहिला घास नाक धरून घेतला. दुसऱ्या घासाला मंदा म्हणाली, "अगो, नाक सोड, चव तिथंच हाय." बाहेर गॅलरीत सोजराबाई नातीला पायांवर घेऊन समोरच्या चिमणीच्या धुराकडं बघत बसल्या होत्या, आणि पाठ दाराकडं होती.

मंदा आठवडाभर रोज आली. मुशीनं म्हणा, डॉक्टरांच्या औषधानं म्हणा, अळिवानं म्हणा, किंवा रोज कुणीतरी दार वाजवतंय या आधारानं म्हणा, दूध आलं. लेकरू बाळसं धरायला लागलं. सोजराबाईंनी शेवटच्या दिवशी मंदाचा डबा रिकामा परत जाऊ दिला नाही. त्यात शेंगदाण्याची चटणी भरली, कडक भाकरी वर ठेवली. पुढं बारशाला दांडीच्या बायका आल्या, इमारतीतल्या गोरखपूरच्या वहिनींनी ढोलक वाजवली, आणि पाळण्यात पोरीचं नाव कीर्ती ठेवलं गेलं.

सोजराबाई महिन्याभरासाठी आल्या होत्या, त्या दोन वर्षं राहिल्या. वर्षाराणी कामावर गेली की नात त्यांच्याकडं. तात्यांनी एकदा सगळ्यांना तारापूरचा किल्ला दाखवायला नेलं. चिमाजीअप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून कसा घेतला, भिंतीला शिड्या कशा लावल्या, किती माणसं कामी आली, ते तात्या हात हलवून हलवून सांगत होते. सोजराबाईंचं लक्ष किल्ल्यातल्या वाडीतल्या विहिरीकडं. त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं.

"गोड हाय की!" त्या म्हणाल्या. "आन् समिंदर तर हितंच, भिंतीच्या पल्याड."

"आमच्याकडं असंच," तात्या म्हणाले.

"देवानं दिलंय तुमाला," सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली, आणि यावेळी नातीच्या तोंडाला लावली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गावाकडून फोन आला. मारुतीआण्णा गोठ्यात घसरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. इतके दिवस ते एकटे, हातानं भाकरी थापून राहत होते आणि तक्रार म्हणून फक्त फोनवर खोकत होते. आता माणूस हवंच होतं. पाच वर्षं मागितलेली बदली नेमकी तेव्हा हातात पडली, भूमला. वर्षाराणीनं ती घेतली. घ्यायलाच हवी होती. डेपोतून निघताना आनंद होईल असं तिला वाटलं होतं. शेवटच्या दिवशी दांडीच्या गाडीत तिच्यानं तिकिटाचं मशीन चालेना. नीलेशनं गाडी बाजूला घेतली, आणि मंदानं पदरानं तिचं तोंड पुसलं. बायकांनी तिची ओटी भरली, खणा-नारळानं. नारळ तात्यांच्या वाडीतला होता.

आता वर्षाराणी भूम-बार्शी गाडीवर आहे. इंद्रजीतनं बियाणांचं स्वतःचं छोटं दुकान घातलंय, आण्णा काठी घेऊन रानात जाऊन येतात. गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती तेव्हा दांडीच्या बायका तुळजापूरच्या दर्शनाला निघाल्या. वाट थोडी वाकडी करून त्यांची गाडी सोजराबाईंच्या अंगणात येऊन थांबली. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. समुद्रावरची माणसं कधी कुणी पाहिली नव्हती.

सोजराबाईंना ऊत आला. "ह्यांच्या गावात काय न्हाई ते इचारा," त्या गल्लीला सांगू लागल्या. "किल्ला हाय, त्यात आंबा-चिकूची बाग. समिंदराच्या कडंला गोड पाण्याची हीर. अणूवर चालणारा इजेचा कारखाना हाय. रात्री बी दिवसावाणी लख्ख. आन् जिन्यात पाच मुलखाची माणसं, एकाच्या घरी लेकरू रडलं तर पाच दारं उघडत्यात."

"धूर बी हाय," मंदा म्हणाली. "आन् रस्त्याला खड्डे."

"ते असूद्या," सोजराबाई म्हणाल्या. "ते कुठं न्हाईत?"

जेवायला पुरणपोळी, आमटी, भजी, कुरडया. वाढताना सोजराबाई कुणाला नको म्हणू देईनात. कीर्ती मंदाच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. ती आता चार वर्षांची, आणि मंदाच्या नथीला सारखा हात लावून बघत होती. वर्षाराणीची दुपारची ड्यूटी होती, खाकी घालून ती पंगतीत वाढत होती. मंदाच्या पानात तूप घालताना ती थांबली. तिनं दुसरी पळी घातली.

"पुरे गो बाय," मंदा म्हणाली. "बुडवतेस काय मला?"

निघताना सोजराबाईंनी प्रत्येकीच्या पिशवीत ज्वारी आणि चटणी कोंबली. "दरसाली मासे बंद झाले की या," त्या म्हणाल्या. "दोन म्हैने ऱ्हावा."

"येऊ की," मंदा गाडीत चढता चढता म्हणाली. "पण दोन म्हैने नुस्ती डाळ नाय जमायची आमाला."

गल्ली हसली. सोजराबाईंनी कपाळाला हात लावला, आणि त्याही हसल्या. गाडी तुळजापूरच्या रस्त्याला लागली. वर्षाराणीनं तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं, कीर्तीला सासूच्या कडेवर दिलं, आणि बार्शीच्या गाडीची वेळ झाली म्हणून ती स्टँडकडं निघाली.