सतरा नंबरचा जबाब

सकाळी पोरं टॉवरवर जायला निघाली की भाऊ गेटपाशी उभे राहायचे आणि एकेकाचा उजवा हात धरून नाकाशी न्यायचे.

"काय खाल्लं बे?"

"भाकरी-चटणी खाल्ली भाऊ."

भाऊ हात हुंगायचे. "चटणीचा वास साबणानं जात न्हाई. ह्या हाताला नुसता पेट्रोलचा वास येतोय. जा, आदी खाऊन ये. गाडी थांबतीय."

उपाशी पोटी कुणाला वर चढू द्यायचे नाहीत. पवनचक्कीचा टॉवर ऐंशी मीटर उंच, आत सरळ उभी शिडी. गावातले लोक त्याला नुसतं 'पंखा' म्हणतात, पण त्या पंख्यापर्यंत चढणाऱ्याचं अंग वर पोहोचेतो घामानं निथळत असतं.

पाटोद्याच्या माळावर परदेशी कंपनीच्या पवनचक्क्या होत्या आणि त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायचे. माझी पहिलीच नोकरी. भाऊ साइटचे इनचार्ज, पन्नाशीचे, लिंबागणेशकडचे. फोन उचलला की आधी 'जय भीम', मग काम. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना पुन्हा कुणाकुणाला उत्तरं द्यावी लागतील, आणि ती त्यांनी एकदा दिली आहेत.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. दर सोमवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल असायचा. "गुड मॉर्निंग टीम" झालं की सगळ्यांचे चेहरे दिसायचे आणि भाऊंच्या चौकोनात आमच्या ऑफिसचं छत. मोबाइल टेबलावर उताणा ठेवून ते हात मागं बांधून उभे राहायचे. बसून बोला म्हटलं तर म्हणायचे, "साहेबाशी बसून कसं बोलायचं?" रिजनल मॅनेजर मात्र सगळ्यांना सांगायचे, मला साहेब म्हणू नका, नावानं हाक मारा, आपली कंपनी म्हणजे फॅमिली आहे. पोरांनी प्रयत्न केला. भाऊंना ते काही जमलं नाही.

वर्षातून एकदा कंपनीचा सर्व्हे यायचा: तुमचा कामाचा अनुभव कसा आहे. तो इंग्रजीत असायचा, म्हणून मी एकेक प्रश्न मराठीत सांगून पोरांची उत्तरं भरायचे. पोरं डोळे झाकून पाचपैकी पाच द्यायची. भाऊंची पाळी आली.

"वरिष्ठ तुमचं म्हणणं ऐकून घेतात का?"

"घेतात."

मी पाच टाकायला लागले.

"थांबा ताई. ऐकून घेतात, मग पुढं काय?"

"पुढचा प्रश्न नाहीये भाऊ."

"मग दोन टाका."

शेवटी सूचनांसाठी मोकळी जागा होती. भाऊंनी सांगितलं, लिहा, सतरा नंबरची तार बदला. आणि खाली माझं नाव टाका. मी म्हटलं, यात नाव टाकायचं नसतं, कोण काय बोललं ते कळू नये म्हणून.

"कावून? बोललो तर मीच ना?"

त्या तारेचं सांगते. टॉवरच्या शिडीला लागून वरपासून खालपर्यंत एक पोलादी तार असते. चढणाऱ्याच्या अंगावरच्या पट्ट्याचा आकडा तिच्यावरून सरकत जातो आणि पाय सुटला तर जागच्या जागी तार पकडतो. सतरा नंबरच्या टॉवरची तार खालच्या बाजूला झिजून गुळगुळीत झाली होती. भाऊंनी दोनदा मेल केला होता, दोन्ही मीच टाइप केले होते. टॉवरच्या दाराला त्यांनी लाल पट्टा बांधला होता. लाल पट्टा म्हणजे आत जायचं नाही.

मग वाऱ्याचे दिवस आले. याच दिवसांत कंपनीची सगळी वीज निघते, आणि नेमका सतरा नंबर बंद पडला. पुण्याहून फोनवर फोन. तार मागवली आहे, तोवर जरा सांभाळून करा, मशीन बंद ठेवता येणार नाही. भाऊ दोन दिवस स्वतःच चढले. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप होता. समाधान म्हणाला, "भाऊ, मी जातो."

समाधान धारूरकडचा, सव्वीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. भाऊंनी दाराचा लाल पट्टा सोडला आणि म्हणाले, "जा. घाई करू नको."

काम करून उतरताना, जमीन वीस-बावीस फुटांवर असताना त्याचा पाय सुटला. आकडा त्या गुळगुळीत जागेवर होता. आकड्यानं तार पकडलीच नाही.

समाधानला आधी बीडला आणि तिथून संभाजीनगरला नेलं. पाठीच्या कण्याला मार होता. पाय हलत नव्हते.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी रिजनल मॅनेजर आले. त्यांनी आम्हाला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. आवाज अगदी हळू. "आपल्याला कुणाला दोष द्यायचा नाहीये," ते म्हणाले, आणि एक कच्चा कागद माझ्यापुढं ठेवला. अपघाताच्या सकाळची नोंद टाइप करायची होती: सतरा नंबरवर जाऊ नये अशी सूचना सर्वांना दिली होती, कर्मचारी स्वतःच्या जबाबदारीवर चढला.

मी टाइप केलं. घरी अडचण होती, नोकरी जाईल अशी धमकी मिळाली होती, असं काहीही नव्हतं. समोरच्या माणसानं गोड आवाजात सांगितलं होतं, एवढंच.

कागद सहीला भाऊंपुढं गेला. ते ओळीवरून बोट फिरवत वाचत होते.

"ह्यात समाधान आपल्या मनानं चढला असं झालंय."

"टेक्निकली तो चढलाच ना?"

"मी चढवला."

"भाऊ, तुमच्या भल्याचं सांगतोय. यात तुम्ही सेफ राहता."

"मी राहतो. आन् तो? नियम मोडला म्हणल्यावर त्याचा इलाज कोण करनार?"

"फॅमिली म्हणून आपण काहीतरी करूच."

भाऊंनी कागद परत सरकवला. "साहेब, तार खराब हाय हे मला ठावं होतं. तुमालाबी ठावं होतं. दाराचा पट्टा मी माझ्या हातानं सोडला. आसं लिहा, लगेच सही करतो."

मॅनेजरांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. भाऊ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात सांगत गेले. मी टाइप करत गेले. पाऊण पान झालं. दोन मेल कधी केले, फोनवर काय बोलणं झालं, पट्टा कुणी सोडला. स्वतःला वाचवणारा एक शब्द त्यात नव्हता. तापाचंसुद्धा त्यांनी लिहू दिलं नाही.

अपघाताचे कागद कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसला थेट जातात. एकदा कॉम्प्युटरवर चढवले की इथून कुणाला काढता येत नाहीत. भाऊंनी सही केलेला कागद मी स्कॅन केला. पडद्यावर विचारणा आली, नक्की पाठवायचं का? माझा हात तिथंच थांबला.

"तुमच्या नावानं जाईल," भाऊ म्हणाले. "नको वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या ताई. मी पोस्टानं धाडतो. मला राग न्हाई."

बाहेर मॅनेजर फोनवर हसत होते. मी बटण दाबलं.

महिन्याभरात परदेशातून माणसं आली. फोटो काढले, सगळ्यांना विचारलं. प्रत्येक टॉवरची तार बदलली. समाधानचा अपघात कामावरचा ठरला आणि पुढचा इलाज कंपनीनं केला. भाऊंना पत्र आलं: सुरक्षेच्या नियमांचं गंभीर उल्लंघन, सेवा समाप्त. पुरावा म्हणून त्यांचाच जबाब जोडला होता. मॅनेजर पुढं बढती मिळून बेंगळुरूला गेले. आणि तो पहिला कागद कुणी टाइप केला, हे मला कुणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

भाऊंच्या शेवटच्या दिवशी सगळ्या पोरांना लांबच्या टॉवरवर कामं लावली होती. हेल्मेट, बूट, चढायचा पट्टा, ओळखपत्र असं एकेक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. यादीवर खुणा करताना मी म्हटलं, "भाऊ, तो कागद मी..."

"दोन्हीबी तुमीच टाइप केले," ते म्हणाले. "पन पयल्यासारखा पुन्हा करू नका."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. समाधानच्या कागदांवर त्याची सही हवी होती, म्हणून काही महिन्यांनी एका रविवारी मी धारूरकडं त्याच्या गावी गेले. त्याची आई दारातच भेटली आणि हळूच म्हणाली, "जरा थांबा, त्याचं चालनं सुरू हाय. तुमचे ते भाऊ आलेत. दर ऐतवारी येतात, दोन गाड्या बदलून. पयल्यांदा आले तवा मी दारातबी घेतलं न्हाई. तूच चढवलास माझ्या लेकराला म्हनून मी लई बोलले. ते मान खाली घालून उभे राहिले, गेले. दुसऱ्या ऐतवारी पुन्हा आले."

मी भिंतीच्या कडेनं पाहिलं. अंगणात कमरेएवढ्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधले होते. त्यांच्यामध्ये समाधान उभा होता, दोन्ही हात बांबूंवर, दंड थरथरत होते. समोर हातभर अंतरावर भाऊ, दोन्ही हात पुढं केलेले, पण त्याला न लावता.

"खाली नको बघू. माझ्याकडं बघ."

सही करून पाठवा म्हणत मी कागद आईच्या हातात दिले. हाक मारली नाही.

समाधाननं डावा पाय जमिनीवरून सोडवला. तो पाय क्षणभर हवेत लटपटला, आणि मग खाली टेकला. भाऊंनी त्याच्यावरची नजर न काढता एक पाऊल मागं घेतलं.